रेस गाडीचा डिजिटल डॅश आणि डेटा लॉगिंग: सातारा-सांगलीकडच्या टीमसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा, कराड, सांगली-मिरजेकडच्या कॉलेजांच्या टीम बाहा (विद्यार्थ्यांनी बांधलेल्या ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा) आणि फॉर्म्युला स्पर्धांना गाड्या घेऊन जातात. काही गॅरेजवाले जुनी जिप्सी किंवा एस्टीम तयार करून ऑटोक्रॉसला (एकेकट्याने वेळेशी लावायच्या शर्यतीला) उतरतात. दोघांचे प्रश्न बरेचसे सारखेच असतात, म्हणून उत्तरं एकत्र दिली आहेत.

डॅश आणि लॉगर वेगवेगळे असतात का? दोन्ही घ्यायलाच हवेत का?

कामं वेगळी, डबा एकच असू शकतो. डॅश ड्रायव्हरला आत्ता काय करायचं ते सांगतो. लॉगर सगळं लिहून ठेवतो आणि ते गाडी थांबल्यावर बघायचं असतं. एआयएम, मोटेक या कंपन्यांच्या बऱ्याच डॅशमध्ये लॉगर आतच असतो. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर लॉगर घ्या आणि ड्रायव्हरसमोर ऑइल प्रेशरचा एक मोठा लाल दिवा लावा. स्क्रीनशिवाय रेस होते. ऑइल प्रेशर गेल्याचं वेळेवर कळलं नाही तर इंजिन जातं.

आयात शुल्क आणि जीएसटी धरून नावाजलेला डॅश-लॉगर लाखाच्या पुढे जातो. तेवढं बजेट असलं तरी निम्मे पैसे सेन्सर, कनेक्टर आणि वायरिंगसाठी बाजूला काढा. महागड्या स्क्रीनवर खोटा आकडा दिसत असेल तर ती स्क्रीन नसलेली बरी.

मोबाइलवर भागेल का?

सुरुवातीला भागेल. रेसक्रोनोसारखं ॲप आणि ब्लूटूथने जोडलेला १० हर्ट्झचा (सेकंदाला १० नोंदी देणारा) बाहेरचा जीपीएस एवढ्यावर लॅप टाइम, स्पीडचा आलेख आणि कुठे वेळ गेला याचा अंदाज मिळतो. फोनचा स्वतःचा जीपीएस मात्र बहुतेक वेळा सेकंदाला एकदाच जागा सांगतो. ताशी १०० किमीला गाडी सेकंदात २७.८ मीटर जाते, म्हणजे दोन नोंदींच्या मध्ये अख्खं वळण निघून जाऊ शकतं. १० हर्ट्झला हेच अंतर २.८ मीटर होतं, २५ हर्ट्झला जेमतेम १.१ मीटर.

फोनची दुसरी अडचण उन्हाची. एप्रिल-मे महिन्यात काचेमागे ठेवलेला फोन तापतो, आधी स्क्रीन मंद करतो आणि मग स्वतःच बंद पडतो. फोन लॉगिंगसाठी खिशात किंवा सावलीत ठेवा, डॅश म्हणून वापरू नका.

गाडीच्या ओबीडी पोर्टमधून (गॅरेजवाले स्कॅनर लावतात त्या सॉकेटमधून) सगळा डेटा मिळतो ना? मग सेन्सर कशाला?

मिळतो, पण हळू आणि अपुरा. ओबीडीमध्ये प्रत्येक आकडा मागावा लागतो. आरपीएम मागा, उत्तर घ्या, मग थ्रॉटल मागा, मग तापमान. स्वस्त ब्लूटूथ डोंगल सगळे मिळून सेकंदाला मोजकेच आकडे आणतो. चार चॅनल (मोजायच्या चार गोष्टी) लावले की प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदातून एक-दोन नोंदी येतात. कूलंटसाठी हे चालतं, थ्रॉटलसाठी नाही. शिवाय ऑइल प्रेशर तिथे बहुधा नसतंच, कारण साध्या गाडीत प्रेशरचा सेन्सर नसून फक्त स्विच असतो.

कॅन म्हणजे गाडीतली उपकरणं ज्या दोन तारांवर (हाय आणि लो) एकमेकांशी बोलतात ती लाइन. १६ पिनांच्या त्या पोर्टमध्ये ६ नंबरला कॅन हाय, १४ ला कॅन लो, १६ ला बॅटरी, ४ आणि ५ ला अर्थ (अर्थिंग, म्हणजे निगेटिव्ह बाजू) असतो. जुन्या गाड्यांमध्ये ६ आणि १४ रिकामे असून के-लाइनवर (जुन्या पद्धतीच्या एका तारेवर) बोलणं चालतं. त्यामुळे डोंगल घेण्याआधी पोर्टात डोकावून पिना बघा. कंपनीच्या कॅनवर लॉगर जोडताना तो फक्त ऐकण्याच्या मोडमध्ये ठेवा. चुकीच्या वेगाने त्या तारांवर लिहू लागलात तर ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), एबीएस सगळेच गोंधळतात.

मेगास्क्वर्ट, लिंक, हॅल्टेक यांसारखा रेसिंग ईसीयू असेल तर प्रश्नच नाही. तो कॅनवर आकडे स्वतःहून टाकत राहतो. डॅशमध्ये त्या ईसीयूचा टेम्प्लेट निवडला की झालं.

कॅनच्या दोन तारा जोडल्या, पण डॅशवर काहीच येत नाही. आधी काय बघू?

मल्टीमीटर घ्या. बॅटरी तोडा आणि कॅन हाय व कॅन लो यांच्यामधला रेझिस्टन्स मोजा. ६० ओहम आला पाहिजे, कारण लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. १२० दाखवलं तर एका टोकाचा रेझिस्टर नाही किंवा मध्ये तार तुटली आहे. ४० दाखवलं तर तीन रेझिस्टर लागले आहेत. बाजारातल्या स्वस्त कॅन मॉड्यूलवर १२० ओहम आधीच बसवलेला असतो. अशी मॉड्यूलं मधोमध जोडली की हा घोळ होतो, तिथला जंपर काढा. शून्याच्या आसपास दाखवलं तर तारा कुठेतरी चिकटल्या आहेत.

रेझिस्टन्स बरोबर असेल तर वेग तपासा. ईसीयू ५०० केबीपीएसवर आणि डॅश १ एमबीपीएसवर असेल तर काहीही दिसणार नाही. एमसीपी२५१५ (स्वतः बनवलेल्या लॉगरसाठीची कॅनची चिप) वापरणाऱ्यांनी बोर्डवरचा क्रिस्टल वाचावा. त्यावर ८ मेगाहर्ट्झ असतो आणि प्रोग्राममध्ये १६ लिहिलेला असतो, मग वेग निम्मा होतो. त्यानंतर हाय-लो उलटे लागलेत का बघा. चालू स्थितीत, कोणी बोलत नसताना, दोन्ही तारा अर्थच्या तुलनेत साधारण २.५ व्होल्टवर असतात.

आकडे येतात पण वेड्यासारखे येतात, उदाहरणार्थ ३००० आरपीएमऐवजी ४७११५, तर दोन बाइटांचा क्रम उलटा वाचला जातोय. सेटिंगमध्ये बिग एंडियन आणि लिटल एंडियन बदलून बघा. ३००० आणि ४७११५ हे नेमके एकमेकांचे उलटे आकडे आहेत.

कॅनच्या तारा एकमेकींना पिळ घातलेल्या हव्यात, मीटरला साधारण ३० ते ४० पिळ. मुख्य लाइनपासून फुटणारी फांदी १ एमबीपीएसला ३० सेंटिमीटरपेक्षा लांब नको. सगळी उपकरणं एका ठिकाणी आणून बांधू नका, एकापुढे एक अशी लाइन ओढा.

सेन्सर कोणते आणि कोणत्या क्रमाने घ्यावेत?

आधी इंजिन वाचवणारे: ऑइल प्रेशर, कूलंट तापमान, बॅटरी व्होल्टेज, आरपीएम. मग ड्रायव्हर काय करतोय ते कळवणारे: जीपीएस, थ्रॉटल, ब्रेक प्रेशर, स्टिअरिंग. त्यानंतर लॅम्डा (एक्झॉस्टवरून हवा-इंधनाचं मिश्रण सांगणारा). सस्पेन्शन किती हललं ते मोजणारे पोटेन्शिओमीटर (पॉट) सगळ्यांत शेवटी. कॉलेजच्या टीम उलटं करतात. रिपोर्टमध्ये छान दिसतात म्हणून चार सस्पेन्शन पॉट आधी लावतात आणि ऑइल प्रेशर राहून जातं.

ऑइल प्रेशर सेन्सर बसवताना नेमकं काय चुकतं?

पहिली गोष्ट आट्यांची. सुझुकी आणि इतर जपानी घराण्यातल्या इंजिनांत ऑइल स्विचच्या जागी १/८ बीएसपीटी आटे असतात. ऑनलाइन मिळणारे बरेच सेन्सर १/८ एनपीटीचे असतात. बीएसपीटीत (ब्रिटिश मापात) इंचाला २८ आटे, एनपीटीत (अमेरिकन मापात) २७. दोन-तीन फेऱ्या आरामात जातात, नंतर अडकतं. पाना लावून जोर केला की ॲल्युमिनियमचे आटे फाटतात किंवा गाडी तापल्यावर तेल झिरपू लागतं. कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत चांगल्या लेथवाल्याकडून एका बाजूला बीएसपीटी आणि दुसऱ्या बाजूला एनपीटी असा स्टीलचा अडॅप्टर करून घ्या. पितळेचा नको.

दुसरी गोष्ट कंपनाची. टी-अडॅप्टरवर लांब दांडीसारखा लटकलेला सेन्सर ब्लॉकवर बसवला की कंपनाने अडॅप्टर मानेपाशी तडकतो आणि तेल थेट एक्झॉस्टवर उडतं, म्हणजे आगीला आमंत्रण. सेन्सर फायरवॉल (इंजिन आणि ड्रायव्हरमधला पत्रा) किंवा चॅसिसवर रबराच्या क्लॅम्पमध्ये धरा आणि ब्लॉकपासून तिथपर्यंत ब्रेडेड होज आणा.

तिसरी गोष्ट टेफ्लॉन टेपची. टेपचे तुकडे तेलाच्या वाटेत जातात. शिवाय एकच वायर असलेल्या जुन्या सेंडरला बॉडीतून अर्थ मिळतो, तो टेपने तुटतो. आट्यांना लावायचं द्रव सीलंट वापरा, पहिला आटा कोरडा ठेवा.

सेन्सर तीन वायरवाला घ्या: ५ व्होल्ट, अर्थ, सिग्नल. ० ते १० बारचा सेन्सर ०.५ ते ४.५ व्होल्ट देतो, म्हणजे बारला ०.४ व्होल्ट. सिग्नल ०.३ व्होल्टच्या खाली किंवा ४.७ च्या वर गेला तर ते प्रेशर नाही, वायर तुटली किंवा चिकटली. डॅशमध्ये यासाठी वेगळा इशारा ठेवा, नाहीतर ड्रायव्हर फुकट गाडी थांबवेल.

अर्थ कुठे द्यायचा? चॅसिसला दिला तर काय बिघडतं?

सगळ्यांत जास्त खोटा डेटा इथून येतो. सेन्सरचा अर्थ लॉगरच्या सेन्सर अर्थ पिनलाच परत आणायचा, चॅसिसला नाही. रेडिएटर फॅन आणि फ्युएल पंप सुरू झाले की चॅसिसमधून मोठा करंट वाहतो आणि दोन ठिकाणच्या अर्थमध्ये ०.१ व्होल्टचा फरक सहज पडतो. वरच्या सेन्सरवर ०.१ व्होल्ट म्हणजे पाव बार. फॅन सुरू झाला की ऑइल प्रेशर वर किंवा खाली उडी मारतंय, असं दिसलं तर तेलाचा पंप उघडू नका, अर्थ शोधा.

दुसरी खूण: अचानक सगळेच सेन्सर एकदम शून्यावर. बहुतेक वेळा एका सेन्सरची ५ व्होल्टची वायर एक्झॉस्टला चिकटून वितळलेली असते आणि ती सगळ्यांचा सप्लाय खाली ओढते. एकेक कनेक्टर काढत जा. ज्या क्षणी बाकीचे जिवंत होतील, तो कनेक्टर दोषी.

वायर आणि कनेक्टर कसे घ्यावेत? सोल्डर केलं तर मजबूत नाही का होणार?

रेस गाडीत सोल्डर टाळा. सोल्डर तारेत आत शिरतं, तिथली तार कडक होते आणि कंपनाने नेमकी त्याच्या काठावर तुटते. बाहेरून इन्सुलेशन धड दिसतं, त्यामुळे शोधायला दिवस जातो. योग्य साच्याच्या क्रिंपिंग पक्कडीने केलेला क्रिंप (दाबून केलेला जोड) जास्त टिकतो. साध्या पक्कडीने दाबलेला टिकत नाही. क्रिंप केल्यावर हाताने ओढून बघायचं. निघाला तर आत्ताच निघू दे.

सिग्नलसाठी ०.३५ चौरस मिमी, सप्लायसाठी ०.५ पुरते. कनेक्टर डॉइच डीटीएम किंवा त्यासारखे सीलबंद. टोकाला डिंकवाला हीटश्रिंक. हाय टेन्शन लीडपासून (प्लगच्या वायरपासून) सिग्नल वायर किमान १० सेंटिमीटर लांब न्या आणि ओलांडायची झाली तर काटकोनात ओलांडा. घरगुती वायरिंगची पीव्हीसी वायर इंजिनाजवळ वापरू नका.

कनेक्टरजवळ एक छोटा वळसा सैल सोडा, म्हणजे ताण क्रिंपवर येत नाही. आणि दोन्ही टोकांना लेबल लावा. रात्री पिटमध्ये (ट्रॅकजवळच्या गाडी दुरुस्तीच्या जागी) पाच काळ्या वायरींपैकी कोणती काय हे आठवत नाही.

बाहाच्या इंजिनाला ईसीयू नाही. आरपीएम कसा घ्यायचा?

ब्रिग्ज ॲण्ड स्ट्रॅटनच्या त्या एक सिलिंडर इंजिनात फ्लायव्हीलच्या मॅग्नेटोमुळे प्रत्येक फेरीला ठिणगी पडते, फोर स्ट्रोक असलं तरी. म्हणून लॉगरमध्ये फेरीला १ पल्स ठेवा. ०.५ ठेवलात तर आरपीएम दुप्पट दिसेल. प्लग वायरवर इन्सुलेटेड वायरचे चार-पाच वेढे हा साधा उपाय चालतो, पण सिग्नल आधी कंडिशनर सर्किटमधून (सिग्नल साफ करणाऱ्या सर्किटमधून) न्या. फ्लायव्हीलजवळ हॉल सेन्सर (चुंबक ओळखणारा) बसवला तर सिग्नल त्याहून स्वच्छ.

डिस्ट्रिब्युटरच्या चार सिलिंडर गाडीत कॉइलच्या निगेटिव्हवर फेरीला २ पल्स येतात. त्या टर्मिनलवर काहीशे व्होल्टचा झटका येतो. ईएसपी३२ (लॉगर बनवायला वापरतात तो छोटा कंट्रोलर बोर्ड) ची पिन थेट जोडली तर बोर्ड पहिल्याच सेल्फला मरतो. मध्ये रेझिस्टर आणि ऑप्टोकपलर (सिग्नल तारेऐवजी प्रकाशाने पलीकडे नेणारा भाग) हवाच.

आरपीएमचा आलेख गवतासारखा उभा-आडवा दिसत असेल तर प्लग बघा. रेझिस्टरवाला प्लग काढून बिनरेझिस्टरचा घातला की इग्निशनचा विद्युत गोंगाट (नॉइज) सगळ्या वायरींत शिरतो.

नोंदीचा वेग किती ठेवू? सगळं १००० हर्ट्झवर टाकू का?

नको, नंतर उपसत बसाल. पाणी आणि तेलाचं तापमान सेकंदाला १ ते ५ वेळा पुरे. आरपीएम, थ्रॉटल, ब्रेक, स्टिअरिंग, जी-फोर्स ५० ते १००. ऑइल प्रेशर निदान ५०, कारण वळणात तेल पिकअपपासून (तेल ओढणाऱ्या नळीपासून) पळालं तर दाब अर्ध्या सेकंदात पडून परत येतो. १ हर्ट्झला तो खड्डा सापडतच नाही. सस्पेन्शन २०० ते ५००.

जागेची चिंता नको. २० चॅनल, प्रत्येकी ५० हर्ट्झ, नोंदीला २ बाइट धरले तर सेकंदाला २००० बाइट होतात. २० मिनिटांच्या सेशनला २.४ एमबी.

कॅलिब्रेशन घरच्या घरी कसं करायचं?

तापमानासाठी बर्फाचं पाणी आणि उकळतं पाणी. बर्फ बारीक करून, थोडंच पाणी घालून ढवळा, ० अंश मिळतो. उकळत्या पाण्याला मात्र १०० लिहू नका. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७४० मीटरवर आहे, तिथे पाणी साधारण ९७.५ अंशांना उकळतं. सांगलीत सुमारे ५५० मीटरवर ९८.२, महाबळेश्वरला साडेपंच्याण्णव. सेन्सर ९७.५ दाखवतोय म्हणून दोन-अडीच अंश वाढवून ठेवले, की बरोबर असलेला सेन्सर तुम्ही बिघडवलात.

मॅनिफोल्ड प्रेशर सेन्सरचंही तेच. इंजिन बंद, चावी चालू असताना साताऱ्यात तो ९३ किलोपास्कलच्या आसपास दिसला पाहिजे, सांगलीत ९५. १०१ दाखवत असेल तर कॅलिब्रेशन चुकलंय. हीच गाडी चेन्नईजवळच्या ट्रॅकवर गेली की हवा दाट मिळते, इंधन जास्त लागतं. फक्त आरपीएम आणि थ्रॉटलवर चालणाऱ्या मॅपमध्ये (ईसीयूतल्या इंधनाच्या तक्त्यात) हवेच्या दाबाची दुरुस्ती चालू नसेल तर साताऱ्यात जुळवलेलं मिश्रण तिथे लीन (हवेच्या मानाने इंधन कमी) होईल. ही बारीक गोष्ट नाही, पिस्टन जाण्याइतकी मोठी आहे.

ऑइल आणि ब्रेक प्रेशर: इंजिन बंद, पेडल मोकळं असताना शून्य करा. थ्रॉटल आणि स्टिअरिंग: दोन्ही टोकं आणि मध्य. थ्रॉटलचं पूर्ण टोक हाताने केबल ओढून घेऊ नका, ड्रायव्हरला बसवून पायाने दाबायला सांगा. पेडल स्टॉप आधी लागतो की बटरफ्लाय (थ्रॉटलची झडप) आधी उघडते, तेही तेव्हाच कळतं.

चाकाच्या स्पीडसाठी टायरचा घेर लागतो. १७५/६५ आर१४ चा व्यास हिशोबाने ५८३ मिमी आणि घेर १८३२ मिमी, पण ड्रायव्हर बसल्यावर टायर दबतो आणि प्रत्यक्ष अंतर काही टक्क्यांनी कमी भरतं. टायरवर खडूने खूण करा, गाडी दहा फेऱ्या ढकला, टेपने मोजून दहाने भागा.

जी-सेन्सर पाणसळ लावून आडवा बसवा, गाडीच्या मध्याजवळ. ३ अंशांच्या कलाने ०.०५ जी ची चूक होते आणि उजवी-डावी वळणं असमान दिसू लागतात.

डॅशच्या स्क्रीनवर काय काय ठेवू?

जेवढं कमी तेवढं चांगलं. ताशी १६० किमीला अर्धा सेकंद खाली बघितलं तर गाडी २२ मीटर आंधळी जाते. गिअर मोठा, शेजारी लॅप टाइममधला फरक, खाली पाणी आणि तेलाचे लहान आकडे. बस. बाकी सगळं पिटच्या दुसऱ्या पानावर.

धोक्याची सूचना आकड्याने देऊ नका. आकडा वाचावा लागतो, तांबडा दिवा नुसता दिसतो. ऑइल प्रेशरची मर्यादा आरपीएमप्रमाणे बदलती ठेवा. हजार आरपीएमला साधारण ०.७ बार हा जुना ठोकताळा सुरुवातीला ठीक आहे. मग आपल्या इंजिनाच्या चांगल्या दिवसाचा लॉग काढा आणि त्याच्या २०-२५ टक्के खाली रेष मारा. एकच मर्यादा ठेवली तर ती आयडलला उगाच पेटते, किंवा पेटू नये म्हणून इतकी खाली आणावी लागते की ६००० ला काहीच कामाची राहत नाही.

पाण्याच्या तापमानावर १०५ अंशांचा इशारा असतोच. त्याची एक फसवी बाजू: होज फुटून पाणी गेलं की सेन्सर हवेत लटकतो आणि आकडा चक्क खाली येतो. ड्रायव्हर निवांत, हेड वाकडं. पाण्याच्या लाइनवर छोटा प्रेशर सेन्सर लावला तर गळती त्याच लॅपला कळते.

शिफ्ट लाइट किती आरपीएमला लावू?

सगळ्या गिअरला एकच आकडा नको. दिवा दिसल्यापासून हात हलेपर्यंत साधारण ०.२ सेकंद जातो. पहिल्या गिअरमध्ये इंजिन सेकंदाला ४००० आरपीएमने चढत असेल तर तेवढ्यात ८०० आरपीएम पुढे जातं. चौथ्यात ६०० ने चढत असेल तर फक्त १२०. लॉगमधून प्रत्येक गिअरचा चढ काढा, त्याला ०.२ ने गुणा आणि तेवढा आधी दिवा लावा.

उन्हात स्क्रीन दिसत नाही. काय करू?

उघड्या गाडीला ८०० ते १००० निट्सच्या (निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) पुढची स्क्रीन लागते. प्रोजेक्टसाठी मिळणाऱ्या साध्या टचस्क्रीन याच्या बऱ्याच खाली असतात. वर झापड लावा, स्क्रीन थोडी पुढे कलवा, पार्श्वभूमी काळी ठेवून अक्षरं पांढरी किंवा पिवळी करा. पोलराइज्ड गॉगल घातला की काही स्क्रीन पूर्ण काळ्या दिसतात. ड्रायव्हरचा गॉगल किंवा व्हायझर लावूनच स्क्रीन निवडा, दुकानात उघड्या डोळ्यांनी नाही.

स्वतः ईएसपी३२ वर लॉगर बनवला तर चालेल का?

चालेल. कॉलेजच्या टीमने करावंच, शिकायला मिळतं. काही ठिकाणी हमखास अडतं. ईएसपी३२ मध्ये कॅन कंट्रोलर आहे पण ट्रान्सीव्हर (कॅनच्या तारांशी जोडणारी चिप) नाही, एसएन६५एचव्हीडी२३० जोडा. त्याचा आतला एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) दोन्ही टोकांना वाकडा मोजतो, एडीएस१११५ सारखा बाहेरचा वापरा. तो सेकंदाला ८६० नोंदी घेतो, पण त्या चारही चॅनलमध्ये मिळून. ५ व्होल्टचा सिग्नल ३.३ च्या पिनला देताना १० आणि १५ किलोओहमचा डिव्हायडर लावा, म्हणजे ५ चे ३ होतात.

खरी डोकेदुखी एसडी कार्डची. कार्ड मधूनच शंभर-दोनशे मिलिसेकंद अडून बसतं आणि तेवढ्या नोंदी जातात. नोंदी आधी मेमरीतल्या बफरमध्ये घ्या, कार्डावर लिहिणं दुसऱ्या टास्कला द्या आणि दर सेकंदाला फाइल फ्लश करा (कार्डावर पक्की लिहा). कंपनाने कार्ड खोबणीत हलतं, त्यावर फोमचा तुकडा दाबून झाकण लावा.

सप्लायसाठी ६ ते ४० व्होल्ट इनपुट सोसणारा कन्व्हर्टर हवा. सेल्फ मारताना बॅटरी ७-८ व्होल्टपर्यंत बसते आणि अल्टरनेटर चालू असताना बॅटरीची वायर सुटली तर व्होल्टेज एकदम उसळतं. पुढे २४ व्होल्टचा टीव्हीएस डायोड (व्होल्टेजची उसळी अडवणारा) आणि ३ अँपिअरचा फ्यूज.

सेशन संपल्यावर फाइल रिकामी निघते. का?

कट-ऑफ स्विच. ड्रायव्हर गाडी उभी करतो आणि मुख्य स्विच खटकन बंद करतो, त्यामुळे लॉगरला फाइल बंद करायला वेळच मिळत नाही. आधी इंजिन बंद, पाच सेकंद थांबा, मग मुख्य स्विच. लॉगरला स्विच चुकवून थेट बॅटरीवरून सप्लाय देण्याची युक्ती करू नका. स्क्रुटिनीत (स्पर्धेआधीच्या गाडीच्या तपासणीत) अडकाल, आणि अपघातात त्या स्विचने सगळं बंद होणं हाच तर त्याचा उपयोग.

लॅप टाइम दर वेळी थोडा वेगळा का येतो?

सुरुवातीची रेष तुम्ही हळू वळणात ठेवली असेल. जीपीएसची १ मीटरची चूक सेकंदाला ३० मीटरच्या वेगात ०.०३ सेकंदाची होते, ८ मीटरच्या वेगात ०.१२ ची. रेष सरळ भागात, वेगाच्या जागी ठेवा. अँटेना छतावर किंवा उघड्या जागी, कार्बन फायबरखाली नाही. पत्र्याच्या शेडमध्ये गाडी चालू करून लगेच ट्रॅकवर गेलात तर पहिले लॅप वाया जातात. दहा-पंधरा मिनिटं आधी गाडी आकाशाखाली आणा.

डेटा आला. आता बघायचं काय?

मोटेकचं आय२ स्टँडर्ड आणि एआयएमचं रेस स्टुडिओ ३ फुकट मिळतं. उघडलं की शंभर आलेख दिसतात आणि माणूस हरवतो. ठरावीक क्रमाने चला.

आधी इंजिन. ४००० आरपीएमच्या वर असतानाचं सर्वांत कमी ऑइल प्रेशर काढा आणि ते आडव्या जी-फोर्ससोबत ठेवा. एकाच बाजूच्या लांब वळणात दाब पडत असेल तर तेल संपच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या) एका भिंतीला जाऊन बसतंय. संपमध्ये बॅफल (तेल अडवणारी पत्री) घाला, तोवर तेलाची पातळी वरच्या खुणेवर ठेवा. मग बॅटरी व्होल्टेज. १३ च्या खाली घसरत असेल तर अल्टरनेटर किंवा बेल्ट.

नंतर ड्रायव्हर. सर्वांत जलद लॅप आणि त्याच ड्रायव्हरचा साधा लॅप एकावर एक ठेवा, वेळाऐवजी अंतरावर. खाली डेल्टाची (दोन लॅपमधल्या वेळेच्या फरकाची) रेष लावा. ती रेष जिथे चढते तिथेच बघा, बाकी ट्रॅक सोडून द्या. कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेसारख्या २.१ किमीच्या ट्रॅकवर बहुतेक वेळ दोन-तीन जागीच गेलेला असतो.

नवीन ड्रायव्हरचा एक नमुना हमखास दिसतो: ब्रेक लवकर, मग ना ब्रेक ना गॅस असा रिकामा तुकडा, मग गॅस अर्धवट, पुन्हा सोडलेला, पुन्हा दिलेला. थ्रॉटल ५ टक्क्यांच्या खाली आणि ब्रेक २ बारच्या खाली, एवढ्या अटीचा मॅथ चॅनल (सॉफ्टवेअरने हिशोब करून काढलेला आकडा) करा. लॅपमध्ये किती सेकंद गाडी नुसती घरंगळली ते थेट मिळतं. ड्रायव्हरला हा एक आकडा सांगा, दहा आलेख दाखवू नका. वळणातला सर्वांत कमी वेग जास्त असूनही बाहेर पडताना गाडी मागे राहत असेल तर तो आत फार जोरात शिरतोय.

दोन ड्रायव्हरांची तुलना करताना टायरचा दाब, इंधन आणि दिवसाची वेळ लिहिलेली नसेल तर तुलना सोडून द्या. त्यासाठी पिटमध्ये एक वही ठेवा, पेन्सिल बांधून.

लॅम्डा सेन्सर वारंवार जातो. का?

एलएसयू ४.९ सेन्सर पाइपच्या वरच्या अर्ध्या भागात, घड्याळातल्या १० ते २ च्या मध्ये बसवा. खालच्या बाजूला बसवला तर एक्झॉस्टमधलं पाणी तापलेल्या सिरॅमिकवर पडून ते तडकतं. सेन्सरचा हीटर इंजिन सुरू झाल्यावर चालू करा, आधी नाही. आणि कंट्रोलर बंद ठेवून सेन्सर तसाच पाइपात लावून गाडी चालवू नका, त्यावर काजळी बसते. शिसं असलेलं रेसिंग इंधन त्याला मारतंच. सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट गळत असेल तर मिश्रण लीन दिसतं. सेन्सर बदलण्याआधी फ्लँज बघा.

टेस्टिंग कुठे करायचं? यवतेश्वर घाट सकाळी रिकामा असतो.

नाही. सार्वजनिक रस्त्यावर वेगाची चाचणी हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे आणि कासला जाणारी माणसं त्या रस्त्यावर सकाळीच असतात. खंबाटकीबद्दल तर विचारूच नका. मालकाच्या लेखी परवानगीने एमआयडीसीतलं मोकळं आवार किंवा कॉलेजचं मैदान घ्या, ट्रॅफिकचे कोन मांडा, अग्निशामक जवळ ठेवा. वायरिंग, अर्थ, आरपीएम, अलार्म हे सगळं ताशी ४० किमीच्या आत तपासता येतं. वेगाचा डेटा हवा असेल तर ट्रॅकचे पैसे भरा. कोल्हापूरकडे कार्टिंगचा ट्रॅक आहे, गाडी लहान असेल तर आधी तिथे चौकशी करा.

पावसाळ्यात गाडी चार महिने उभी असते. डॅशचं काय करावं?

काढून घरात ठेवा, डब्यात सिलिका जेल टाकून. गाडीकडच्या कनेक्टरांना त्यांच्याच टोप्या लावा. प्लास्टिकची पिशवी गुंडाळू नका, आत घाम धरतो. उंदीर लूम (वायरींची जुडी) कुरतडतात, विशेषतः शेतातल्या शेडमध्ये उभ्या गाडीत, म्हणून सप्टेंबरात बॅटरी जोडण्याआधी लूम पूर्ण लांबीने हाताखालून घाला. मग कॅनचे ६० ओहम, ५ व्होल्ट सप्लाय आणि प्रत्येक प्रेशर सेन्सरचा शून्य, या तीन गोष्टी मोजून मगच सेल्फ मारा.